मागे ते लाल काय आहे?

एकट्याने डाएट करण्यात एक मोठी सोय असते. सोमवारी सकाळी सुरू केलं आणि सोमवारी संध्याकाळी गुंडाळलं, तरी गवगवा होत नाही. आरशासमोर शपथ घ्यायची आणि फ्रिजसमोर मोडायची, मध्ये तिसरं माणूस येत नाही. मी वर्षानुवर्षं याच पद्धतीने डाएट करत आलो आणि माझं उत्तम चाललं होतं.

बायकोला ते बघवेना. "अहो, तुमचंही नाव दिलंय मी," असं ती एका संध्याकाळी म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत फोन किणकिणला. मला एका ग्रुपमध्ये घेण्यात आलं होतं. महिनाभर स्वच्छ खायचं. साखर बंद, मैदा बंद, तळलेलं बंद, पाकिटातलं बंद. तिन्ही वेळच्या ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि एकमेकांना धीर द्यायचा. नियमावलीत धीर होता. प्रत्यक्षात पाळत निघाली.

ग्रुप चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्या पहाटे उठून सुविचार टाकत आणि रात्री झोपताना हजेरी घेत. एक होते बदामकाका. पहिल्याच दिवशी त्यांनी भिजवलेल्या बदामांचा फोटो टाकला आणि तेव्हापासून त्यांचं मूळ नाव कोणाला आठवेना. एक तरुण होता, त्याला मी मनातल्या मनात व्यायामवीर म्हणायचो, कारण तो ताटाचा फोटो काढतानाही दंड चौकटीत येईल अशी काळजी घ्यायचा. हिशोब तपासणाऱ्या एक मॅडम होत्या. उरलेले बरेचसे नुसता अंगठा दाखवणारे. त्यांनी काय खाल्लं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण दुसऱ्यांनी जे खाल्लं ते त्यांना मनापासून आवडत असावं.

सुरुवातीचे दिवस खाण्यात गेलेच नाहीत, वादात गेले. स्वच्छ म्हणजे नक्की काय, याची शास्त्रात पक्की व्याख्या नाही. व्याख्या नसली की प्रत्येकजण आपापली घेऊन येतो आणि त्या व्याख्येत ज्याला जे आवडतं ते बरोब्बर बसलेलं असतं. बदामकाकांच्या व्याख्येत मध बसत होता. व्यायामवीराच्या व्याख्येत डब्यातली प्रोटीन पावडर बसत होती. मॅडमच्या व्याख्येत डार्क चॉकलेट बसत होतं, "औषध म्हणून."

शेवटी ताईंनी 'नोव्हा' काढली. ही ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ पासून मांडलेली वर्गवारी. अन्नाचे चार गट. पहिल्यात फळं, भाज्या, दूध, अंडी, म्हणजे जशीच्या तशी किंवा थोडीफार प्रक्रिया झालेली गोष्ट. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर असा स्वयंपाकाला लागणारा ऐवज. तिसऱ्यात चीज, ताजा पाव वगैरे. चौथ्यात कारखान्यात बनणारे ते पदार्थ, ज्यांच्या यादीतली अर्धी नावं कुठल्याच स्वयंपाकघरात सापडत नाहीत. चौथा गट आपल्याला वर्ज्य, असं ताईंनी जाहीर केलं. प्रोटीन पावडर थेट चौथ्यात जाऊन पडली. व्यायामवीर संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

मध मात्र दुसऱ्या गटात निघाला. "बघा, मध कारखान्यात होत नाही, मधमाशी करते," काका विजयी मुद्रेने म्हणाले. त्यावर मॅडमनी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस पुढे केली. वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून जास्त वाटा येऊ नये, ५ टक्क्यांच्या आत राहिला तर आणखी चांगलं. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम होतात. चमच्यात सांगायचं तर साधारण १२ चमचे आणि ६ चमचे. आणि या हिशोबात मधातली साखरही धरतात, फळांच्या रसातलीही. काकांनी रडक्या चेहऱ्याचं एक चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "मधमाशीला कळवतो."

या नियमांचा घरावर झालेला पहिला परिणाम म्हणजे आमची खरेदी लांबली. आधी वस्तू उचलायची, पिशवीत टाकायची, की झालं. आता मी दुकानात टोमॅटो सॉसची बाटली घेऊन उभा. मागच्या बाजूचा मजकूर छापताना तो कोणी वाचू नये असा छापणाऱ्याचा स्पष्ट हेतू दिसत होता. चष्मा वर केला, खाली केला, बाटली दिव्याखाली धरली. शेवटी फोनवर फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा केला, तेव्हा अक्षरं दिसली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, हे मॅडमनी शिकवलेलं होतं. म्हणजे जे पहिलं, ते सगळ्यांत जास्त. टोमॅटोच्या मागोमाग साखर उभी होती. एका मोठ्या चमचाभर सॉसमध्ये जवळपास एक छोटा चमचा साखर असते. मी बाटली परत ठेवली आणि बिस्किटांकडे वळलो, अर्थात केवळ अभ्यास म्हणून. तिथली साखर हुशार निघाली. ती एका नावाने येतच नाही. थोडी साखर म्हणून येते, थोडी ग्लुकोज सिरप म्हणून, थोडी डेक्स्ट्रोज म्हणून. तिघी वेगवेगळ्या मोजल्या की प्रत्येकीचं वजन कमी भरतं आणि यादीत प्रत्येकीला खालची जागा मिळते. तोवर दुकानातला मुलगा जवळ येऊन उभा राहिला होता. "काका, काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही रे, वाचतोय." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं त्या दुकानात कोणी कोणाकडे पाहिलं नसेल.

पहिल्या आठवड्यात वजनं धडाधड उतरली. ग्रुपवर फटाके, फुगे, नाचणारी माणसं, सगळं झालं. मग मॅडम आल्या. शरीर जी साखर साठवून ठेवतं, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं घटलं की आधी तो साठा जातो आणि त्याच्यासोबत पाणी जातं. "तेव्हा हे जे गेलंय ते बहुतेक पाणीच आहे," असं त्यांनी लिहिलं. अशा माणसांना ग्रुपमध्ये घेताना आधी चौकशी करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यायामवीराने मधेच कॉफीही सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी निम्मा ग्रुप कपाळाला पट्टी बांधून बसलेला. "शरीरातलं विष बाहेर पडतंय," तो आनंदाने म्हणाला. विष वगैरे काही नव्हतं, नेहमीची कॉफी मिळाली नाही म्हणून डोकं भांडत होतं. हे दुखणं १२ ते २४ तासांत सुरू होतं, पहिले एक-दोन दिवस जोरात असतं आणि कधीकधी आठवडाभरही रेंगाळतं. विष बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून कामाला आहेत, त्यांनी कधी फोटो टाकले नाहीत इतकंच. कॉफी ठरावाने परत आली. भाज्या आणि कडधान्यं अचानक दुप्पट केल्यावर पोटात काय काय घडतं, यावर मात्र ग्रुपने संपूर्ण मौन पाळलं. त्या दिवसांत मी ऑफिसला जिन्याने जात होतो. लोकांना वाटलं, व्यायामही सुरू केला.

आता खरी गोष्ट. ग्रुप सुरू झाला तेव्हा इतका आदर्श होता की त्यात राहणं कठीण झालं होतं. रोज हिरवीगार ताटं. काकड्यांच्या चकत्या गोलाकार मांडलेल्या, वर डाळिंबाचे दाणे. खाली प्रतिक्रिया: "वा!", "प्रेरणादायी!", "ताई, रेसिपी?" काकडीची रेसिपी! मी उकडलेली भाजी चावत ही प्रदर्शनं बघायचो आणि मला धीर सोडून बाकी सगळं यायचं. दुसऱ्याचं सुंदर ताट बघून आपली भूक मरत नाही, उलट आपण एकटेच नालायक आहोत अशी खात्री पटते. समोरच्यालाही आपलं ताट बघून तसंच वाटत असतं, पण हे सांगायचं कोणी?

ते काम एका पाकिटाने केलं. ग्रुपमधल्या एका वहिनींनी सॅलडचा फोटो टाकला. फोटो देखणा होता. कौतुकं सुरू झाली. मग बदामकाकांनी तो मोठा करून पाहिला. काकांना निवृत्तीनंतर भरपूर वेळ होता.

"वहिनी, मागे ते लाल काय आहे?"

फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जगच्या मागे, लाल चकचकीत कागदाचा अंगठ्याएवढा तुकडा दिसत होता. त्याची कड दातेरी होती. दातेरी कड फक्त फोडलेल्या पाकिटाला असते, हे लहान मुलालाही माहीत आहे.

वहिनी बराच वेळ काही तरी टाइप करत होत्या. टाइप करायच्या, थांबायच्या, पुन्हा टाइप करायच्या. सगळा ग्रुप श्वास रोखून ते तीन हलणारे ठिपके बघत बसला. शेवटी उत्तर आलं: "मुलाचं आहे." काकांनी लिहिलं, "हो का? गोड आहे मुलगा." विषय तिथेच मिटला.

रात्री उशिरा वहिनींचा लांबलचक मेसेज आला. पाकीट मुलाचं नव्हतं. गेले कित्येक दिवस त्या न्हाणीघरात जाऊन बिस्किटं खात होत्या आणि पाकिटाचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवत होत्या. "पाणीही वाया जातंय याचं जास्त वाईट वाटतं," असं शेवटी होतं.

आता ताई काय बोलणार, या भीतीने मी जागा राहिलो. आधी बोलल्या त्या हिशोबवाल्या मॅडम. त्यांचं डार्क चॉकलेट औषधाच्या मात्रेत राहिलं नव्हतं. व्यायामवीराने पावडर सोडलीच नव्हती, फक्त डबा बदलला होता. काका म्हणाले, मधमाशीला कळवायचं राहूनच गेलं. एका अंगठेवाल्याने तोवरच्या आयुष्यातला पहिला शब्द लिहिला: "चिप्स." आणि सगळ्यांत शेवटी ताई. त्या पहाटे उठत होत्या ते सुविचारासाठी नव्हे. त्या वेळी घरात कोणी जागं नसतं आणि जॅमची बाटली वरच्या कप्प्यात असते.

मी वाचून काढलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी होती. वजन कमी करायच्या एका कार्यक्रमात तिने नाव घातलं, पण कुकीजचा मोह सुटेना. कुकीज ती न्हाणीघरात, मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवायची. १९६१ साली तिने मैत्रिणींना घरी बोलावून हे सांगून टाकलं, आणि बघते तर प्रत्येकीकडे अशी एकेक टोपली. दर आठवड्याला जमायचं ठरलं, १९६३ मध्ये त्याची कंपनी झाली, आणि ती 'वेट वॉचर्स' म्हणून जगभर पसरली. म्हणजे त्या सगळ्या उद्योगाचा पाया मळक्या कपड्यांत ठेवलेल्या कुकीवर उभा आहे. तिने मैत्रिणींना काकडीच्या चकत्या दाखवल्या असत्या, तर त्या चहा पिऊन घरी गेल्या असत्या.

आमच्याकडेही तेच झालं. त्या रात्रीपासून फोटो बंद नाही पडले, पण ताटं साधी झाली. मंडळी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, जेव्हा हात आपोआप डब्याकडे जातो, तेव्हा ग्रुपवर यायला लागली. "हात डब्यावर आहे," असं कोणी लिहिलं की दुसरा लिहायचा, "माझा आत आहे, तू तरी थांब." आणि गंमत म्हणजे पहिला खरोखर थांबायचा. वहिनींनी नळ बंद केला. मॅडम चौकोन मोजून खायला लागल्या. माझ्यापुरतं म्हणाल, तर माझ्या फोटोत लाल असं काही कधीच दिसलं नाही. मी पार्श्वभूमी काळजीपूर्वक निवडत असे.

पुढे काय सांगावं, ताईंनी त्याच उत्साहात आणखी एक अभ्यास वाचला. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना चार आठवडे संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे चौथ्या गटातलं आणि दोन आठवडे पहिल्या गटातलं खायला दिलं. दोन्हीकडे वाढलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच, खायचं मात्र ज्याला हवं तितकं. चौथ्या गटाच्या दिवसांत माणसं रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती. ताईंना निष्कर्ष आवडला. मला व्यवस्था आवडली. राहणं तिथेच, खाणं तिथेच, दुकान नाही, बायको नाही, वरचा कप्पा नाही. स्वच्छ खाण्यासाठी एवढंच लागतं.

महिना संपला. माझा पट्टा एक भोक आत आला, हे कबूल करायला हरकत नाही. प्रश्न ग्रुपमधून बाहेर पडायचा होता. आपण निघालो की सगळ्यांना दिसणार, त्यामुळे प्रत्येकजण दुसरा कधी निघतो याची वाट बघत बसला. त्यात ताईंनी मेसेज टाकला: नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास करून हे काढलंय, तेव्हा आपण अजून अर्ध्या वाटेवरही नाही.

मॅडमनी लगेच दुरुस्ती केली. ६६ हा मधला आकडा आहे. कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि तोही अंदाजच, कारण अभ्यास मुळात ८४ दिवसांचा होता.

ग्रुपवर शांतता पसरली. मग बदामकाकांनी विचारलं, "तो २५४ वाला गृहस्थ मोकळा असेल तर त्याला आपल्यात घेता येईल का? माणूस आपल्यातला वाटतो."

ताईंनी अंगठा दाखवला.