घशाला वस्ताद कोण?

आमच्या कोल्हापूरच्या जुन्या गाण्याच्या क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात तिथं जुंपली. एका मैत्रिणीच्या लेकीचा आवाज महिनाभर बसलाय, गाण्यातली विशारदची परीक्षा तोंडावर आलीय, आणि तिच्या बाई म्हणतात, "रियाज वाढव, मोकळा होईल." निम्मा ग्रुप बाईंच्या बाजूनं: घासल्याशिवाय आवाज होत नाही. उरलेल्यांनी मला ओढलं, कारण मी इंग्लंडात लेस्टरमध्ये गाणं शिकवते आणि त्यांच्या लेखी 'सायन्सवाली' आहे.

मलाही कधीकाळी हाच सल्ला मिळाला होता. क्लासात सगळ्या मुली काळी पाच या पेटीच्या उंच पट्टीत गायच्या, माझा गळा त्याखालच्या काळी तीनचा. तीन वर्षं ताणून गायले. घसा बसला की ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी पाच. लग्न होऊन इथं आले तेव्हा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेना. इथं तीन आठवड्यांवर आवाज बसलेला असला की डॉक्टरला दाखवतातच. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. दोन्हीकडं एकेक बारीक गाठ. ऑपरेशन केलं नाही, आवाजाच्या थेरपिस्टकडं पाठवलं. तिनं पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ धरून बुडबुडे काढत सूर लावायला सांगितला. पाण्याचा दाब उलटा येतो, त्यामुळं तंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. मला हसू आलं. जयपूर घराण्याचे थोर गायक अल्लादियाखाँसाहेब जिथं राहिले त्या कोल्हापूरची मी, आणि ग्लासात फुर्र फुर्र करतेय!

खाँसाहेबांचं नाव ग्रुपवरही निघालंच. अतिश्रमानं त्यांचा आवाज गेला होता, पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही, तरी केवढे मोठे झाले बघा. ही गोष्ट आपण 'सोसावं लागतं' एवढ्यासाठीच सांगतो. मला तीत वेगळंच दिसतं. आवाज बदलल्यावर त्यांनी गाणंच बदललं. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी त्यांच्याच शिष्या, पण एकीचा आवाज दुसरीसारखा नाही. एकाच पट्टीत पंधरा मुली बसवणं ही परंपरा नव्हे, ती एका पेटीची सोय आहे.

आणि हे कोल्हापुरात व्हावं? केशवराव भोसले नाट्यगृहाला लागूनच कुस्त्यांचं खासबाग मैदान आहे. तिथला वस्ताद पोराचा खांदा दुखावला तर त्याला आखाड्यात उतरू देत नाही. मालिश, खुराक, विश्रांती, सगळं त्याच्या नजरेखाली. गाणाऱ्या पोरीच्या घशावर एवढी नजर कुणाची असते?

पण ग्रुपवरचे 'परदेशात सगळं शास्त्रशुद्ध' म्हणणारेही मला पटत नाहीत. माझ्याकडं बहुतेक मराठी-गुजराती मुलं येतात, आठवड्याला अर्धा तास. श्वास छान घेतात, स्वरतंतू कसे हलतात ते चित्र काढून दाखवतात, आणि गंधार, म्हणजे ग, मात्र खाली लावतात. भूप तिसऱ्या महिन्यात आला की आया विचारतात, "पुढचा राग कधी?" आमच्या बाई तंबोरा लावून दोन-दोन तास एकाच गंधारावर बसवायच्या. फी आली नाही तरी. आज दुसऱ्याचा सूर केसभर उतरला की मला कळतं ते त्यांच्यामुळं. इथली कुठलीच थेरपी ते देऊ शकली नसती. गाठीही त्यांच्याच क्लासातल्या, हे मात्र त्यांना मी कधी बोलले नाही. त्या आता नाहीत.

मैत्रिणीला मी वेगळा मेसेज केला. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं बघून घे. तोवर कुजबुजणंसुद्धा बंद, त्यानंही घसा ताणतो. परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा असते. आणि गायला लागली की पट्टी खाली घे, दोन सूर तरी.

तिचं उत्तर आलं तेव्हा कोल्हापुरात रात्रीचा एक वाजला असेल. "ते सगळं ठीक गं. पण पट्टी खाली घ्या म्हणून बाईंना सांगणार कोण?"