पावसाळ्याची तयारी राहिलीच की!

शाळेच्या मुख्य सफाई कर्मचाऱ्यावर आलेल्या लेखात त्याचं काम ‘झाडूवाल्यांवर देखरेख’ एवढ्यात आटोपलंय. कोकणात खरी कसोटी पावसाळ्यात लागते. पन्हळी मेअखेर मोकळ्या हव्यात, नाहीतर पाला तुंबून पाणी भिंतीत मुरतं. जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आधी ताठ ब्रशने खरवडायचं, मग लिटरला ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं निवळलेलं पाणी टाकून १० मिनिटांनी धुवायचं. न खरवडता ओतलं तर वरचा थर नुसता पांढरा पडतो, खालचं तसंच! पावडरची पिशवी उघडी राहिली की दमट हवेत तिचा जोर जातो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा, पत्र्याचा डबा गंजतो. संडासाचं अ‍ॅसिड मात्र पावडरच्या कपाटात नकोच, दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो. किल्ल्या आणि साठ्याची वही मुख्य कर्मचाऱ्याकडेच हवी, हे लेखात बरोबर आहे.