दाबा, धरा, सोडू नका!

मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकची हवा काढणं हे एकट्याने करायचं काम नाही, आणि दोघांनी करायचं तर मुळीच नाही. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली बसून कॅलिपरचं, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागाचं, निपल (हवा सोडायचा पोकळ स्क्रू) उघडायचं. आमच्या पार्किंगमध्ये लिव्हर बाबांकडे होती.

सामान किरकोळ. आठचा पाना, डॉट फोर या ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली, माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी आणि ती बुडवायला एक रिकामी बाटली. "पण ब्रेक लागतायत की!" बाबा म्हणाले. लागत होते, पण लिव्हर मऊ पडली होती आणि ऑइल काळपट झालं होतं. मी समजावलं, हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट फोर 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हीच हद्द 155 पर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलची वाफ झाली, की लिव्हर दाबून नुसती वाफच दाबली जाते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमच्या स्कूटरला नट दोन आटे पिळला की झालं."

पेट्रोलच्या टाकीवर जुनी चादर टाकली, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नये, सरळ पाणी ओतावं. हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू मात्र असे बसले होते, की डोकी शाबूत ठेवून ते काढणं हीच एक कला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. त्यांना डबीतल्या पातळीवर लक्ष ठेवायला उभं केलं. ऑइल तळाला गेलं तर हवा पुन्हा आत.

"दाबा. धरा." मी पाना पाव आटा फिरवला. नळीतून काळपट ऑइल, त्यात मोहरीएवढे बुडबुडे. वा! पण निपल उघडलं की लिव्हर मुठीपर्यंत खाली जाते, हे बाबांच्या लक्षात नव्हतं.

"अरे, गेला की ब्रेक!" म्हणत त्यांनी लिव्हर सोडली. बुडबुडे आले तसे उलटे वर चढले.

"बाबा, मी निपल बंद करेपर्यंत सोडायचं नाही!"

"मग तसं आधी सांगायचं."

सांगितलं होतं. पण कॅलिपरपाशी उकिडवं बसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. काका तोवर आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर पोहोचले होते आणि डबीतलं ऑइल तळावर.

पुन्हा पहिल्यापासून. पान्याच्या दांड्याने पाइपला टिचक्या मारल्या, दडलेले बुडबुडे वर आले, ऑइल स्वच्छ दिसायला लागलं. लिव्हर अखेर कडक झाली. बाबांनी ती दाबून पाहिली, मग काकांनी, मग वॉचमनने.

"पुढच्या रविवारी आमचीही करून द्या हो," काका बाबांना म्हणाले. बाबांना!

"आणा की," बाबा म्हणाले. "पान्याला हा आहेच खाली. मला काही लिव्हर सोडून उठता येत नाही."