चष्म्याविना चेतन

‘छोटा चेतन’चं नाव मी घरात इतक्या वेळा घेतलंय, की आमच्या लेकीला बरेच दिवस तो माझा शाळेतला मित्र वाटायचा. शेवटी एका रविवारी मी रिमोट ताब्यात घेतला आणि बायको, लेक आणि आई अशा तिघींना मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसवलं. आईने मेथीची जुडी बरोबर घेतली, तेव्हाच तिचा सिनेमावर किती भरवसा आहे ते कळलं.

मूळ सिनेमा मल्याळम, 1984 चा. आपल्या देशातला पहिला थ्रीडी. आम्ही पाहिला तो 1998 मध्ये हिंदीत, उर्मिला मातोंडकरचे प्रसंग जोडून आलेला. मांत्रिकाच्या तावडीतल्या एका छोट्या भुताला तीन मुलं सोडवतात, एवढीच गोष्ट. पण गोष्ट कोण बघत होतं? पडद्यातून आइसक्रीमचा कोन नाकासमोर आला आणि थिएटरमधल्या झाडून सगळ्या पोरांनी हात पुढे केले. मीही केला. पुढच्या खुर्चीतल्या काकूंचा अंबाडा हातात आला.

आता घरचा टीव्ही. आमच्या सोफा आणि टीव्हीमध्ये जागा एवढी, की टीपॉय ओलांडायचा तर आडवं होऊन जावं लागतं. पडद्यातून खरंच काही बाहेर आलं असतं, तर ते आमच्या डोक्यावरून थेट शेजारच्या ब्लॉकमध्ये गेलं असतं. पण कशाला काय येतंय! थ्रीडी काढून घेतलेला थ्रीडी सिनेमा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. जो तो हातात असेल ती वस्तू कॅमेऱ्यासमोर धरतो. धरतो तो धरतो, वर दोन क्षण तशीच ठेवतो.

“हा सारखं काहीतरी दाखवतोय का आपल्याला?” बायकोने विचारलं.

“ते आपल्याकडे येतंय.”

“कुठे? टीव्हीतच आहे की.”

यावर काय बोलणार? मी उठलो आणि कपाटातून मेव्हण्याचा चष्मा काढला. मल्टिप्लेक्समधून तो त्याच्या खिशात ‘चुकून’ राहिला होता. घातला. टीव्ही होता तेवढाच सपाट राहिला, फक्त लाइट गेल्यासारखा अंधार झाला. मग लेकीने मला शिकवणी दिली: “बाबा, थिएटरमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रं एकावर एक पाडतात. पडद्याला चंदेरी लेप असतो, आणि चष्मा त्यातलं एकेका डोळ्याला एकेक चित्र वाटून देतो. इथे चित्र एकच आहे. वाटणार काय?” हे सगळं ती मोबाइलमधून मान वर न करता बोलली.

आईला मात्र चष्म्यावरून आठवलं. “तेव्हा मी तुझा चष्मा पदराने तीनतीनदा पुसला होता. आधी कोणी घातलाय काय ठाऊक, डोळे आले असते म्हणजे?” सिनेमातलं काय आठवतंय, असं विचारल्यावर म्हणाली, “काही नाही. अंगावर येत होतं म्हणून मी डोळे मिटून बसले होते.” तिकिटाचे पैसे आमच्यापैकी एकाच माणसाचे वसूल झाले होते तर. उर्मिला आल्यावर मात्र मेथी थांबली. “ही आपल्या मातोंडकरांची ना?” मी हो म्हटलं आणि जुडी पुन्हा सुरू झाली.

मग चेतन बारमध्ये शिरला आणि बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करायला लागला. हा प्रसंग मी साफ विसरलो होतो. “लहान मुलांचा सिनेमा म्हणाला होतास ना?” बायको म्हणाली. “तो भूत आहे,” मी म्हणालो. हे उत्तर कोर्टात टिकलं नसतं, घरात तर नाहीच.

आणि मग ते गाणं आलं. पोरं खोलीच्या भिंतीवर चढतात, तिथून छतावर, आणि उलटी चालत दुसऱ्या भिंतीने खाली येतात. इथे कॅमेऱ्यासमोर कोणी काही धरत नाही. लेकीचा मोबाइल सोफ्यावर पडला.

“हे एआय नाही ना?”

“1984, बाई.”

“मग कसं केलं?”

शेवटी माझी पाळी आली. मी घसा खाकरून सांगितलं, की अख्खी खोलीच फिरणारी बांधली होती. खोलीबरोबर कॅमेराही फिरतो, म्हणून आपल्याला खोली स्थिर वाटते. माणसं आपली जिथे खालची बाजू येईल तिथे चालत राहतात. तिने गाणं मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. सिनेमा तिथेच राहिला, शेवट कोणी पाहिला नाही.

आता माझे नवे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. त्यांच्या खोक्याला आतून वॉलपेपर लागलाय आणि उघड्या बाजूला सेलोटेपने मोबाइल चिकटवलाय. लेक खोकं फिरवते, आतली बाहुली छतावर चालायच्या ऐवजी धाडकन डोक्यावर आपटते, आणि आई बाजूला बसून सांगते, “हळू फिरव गं, तिला चक्कर येईल.” मोबाइल माझा आहे. ऑफिसचे फोन आले की खोलीच्या आतून वाजतात.