दर दोन तासांनी सक्शन करावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. सक्शन म्हणजे श्वासाच्या नळीत साचलेला कफ यंत्राने ओढून काढणे. ते ‘गरज असेल तेव्हाच करावे’ हा माझ्या लेखातील सल्ला कामचुकारपणाला मोकळीक देतो, असा आपला आक्षेप आहे. वडिलांच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून घातलेली) नळी बसवल्यावर मिरजेच्या रुग्णालयात दर दोन तासांनी सक्शन होत असे आणि सांगलीला घरी आणल्यापासून आपणही तोच नेम पाळता, असे आपण लिहिले आहे.

आपली भीती रास्त आहे. रात्रपाळीला एकाच सिस्टरवर अनेक रुग्णांचा भार असतो. तेव्हा गरज आहे की नाही हे कोणी पाहिलेच नाही, तर नळी कफाने बंद होऊ शकते. म्हणून तपासणीची वेळ ठरलेलीच असावी, आणि ती आपण दोन तासांची ठेवली आहे ती तशीच ठेवावी. मी विद्यार्थिनींना आधी ऐकायला शिकवते: नळीतून घरघर येते का? मग श्वासाची गती, अस्वस्थता आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा. यांपैकी काही बिघडलेले दिसले, तर क्षणाचाही विलंब नको. श्वास शांत असेल, तर मात्र कॅथेटर, म्हणजे कफ ओढणारी बारीक नळी, आत घालू नये, कारण सक्शनमध्ये कफाबरोबर फुफ्फुसातील हवाही खेचली जाते, ऑक्सिजन उतरतो, श्वासनलिकेचे अस्तर सोलवटते आणि कधी नाडी एकाएकी मंदावते. दुखावलेले अस्तर आणखी स्राव सोडते, आणि त्यासाठी पुन्हा सक्शन करावे लागते. कॅथेटर नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावा आणि एका वेळचे सक्शन 15 सेकंदांच्या आत संपवावे.

कफ गोंदासारखा चिकट येतो, हे आपण जाता जाता लिहिले आहे. मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाक हवेला ऊब आणि ओलावा देते, गळ्यातील नळीमुळे तो मार्गच टळतो, आणि उन्हाळ्यातील कोरडी हवा थेट आत जाऊन कफ वाळवते. अशा वेळी सक्शन वाढवण्यापेक्षा ओलावा वाढवावा. त्यासाठी नेब्युलायझर, ह्युमिडिफायर की नळीच्या तोंडाशी बसणारा, श्वासातला ओलावा धरून ठेवणारा फिल्टर, हे डॉक्टरांना विचारावे, कारण दाट कफाने फिल्टर चोंदतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर शरीरात पुरेसे पाणी जाऊ द्यावे. सक्शनपूर्वी सवयीने नळीत सलाईन सोडण्याची पद्धत मात्र मला मान्य नाही. त्याने कफ पातळ होईलच असे नाही, ऑक्सिजन मात्र घसरू शकतो.

कॅथेटर नळीत शिरतच नसेल आणि वडील श्वासासाठी धडपडत असतील, तर गळ्यातील नळीच्या आत बसणारी, काढता येणारी दुसरी नळी ताबडतोब बाहेर काढावी आणि त्याच वेळी घरातील दुसऱ्या कोणी 108 ला फोन करावा.