पाण्याची फेलोशिप गावात राहणाऱ्यांना द्या

आमच्या गावातली एक पोरगी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा विहिरी मोजते. टेपच्या टोकाला जड नट बांधलेला. तो पाण्याला टेकला की बारीक 'डुब्' आवाज येतो. टेप काठावर चिमटीत धरायची, आकडा वहीत उतरवायचा, पुढची विहीर. तीन वर्षं झाली, एक महिना चुकला नाही.

यंदा तिने पाण्यावर काम करणाऱ्या तरुणांच्या एका फेलोशिपला, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मानधन देऊन काम करू देणाऱ्या योजनेला, अर्ज केला. अर्ज इंग्रजीत, मुलाखतही इंग्रजीत. निवड झाली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण वहीबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

फेलोशिपला माझा विरोध नाही. उलट मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला द्यायला हव्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात घागरी घेऊन रांगेत उभा होतो. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा लोक स्टेशनवर बघायला गेले होते. ते पाणी मोलाचंच होतं. पण आधीच्या ऑक्टोबरात 'विहिरी इतक्या खाली आहेत, यंदा ऊस नको' असं गावात आकड्यानिशी सांगणारं कुणी असतं तर?

आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला पाणी असतं आणि पलीकडचा बोअर फेल जातो. मग तळहातावर नारळ धरून फिरणारा पाणाड्या बोलवायचा आणि पुन्हा कर्ज काढून बोअरची गाडी लावायची. सरकारची भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा पातळी मोजते, पण निवडक विहिरींची. आपल्या शिवाराचा हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो.

आमच्याकडेही शहरातून एक फेलो आला होता. गुणी मुलगा, उन्हातान्हात राबला. पाणलोटाचा सुंदर नकाशा केला त्याने. अकरा महिन्यांनी मुदत संपली, तो गेला. नकाशा ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. यात त्याचा काय दोष? एका वर्षात एकच पावसाळा दिसतो, आणि आपल्याकडे २०१४ गेलं की २०१५ ही कोरडंच येतं. मुदत निदान तीन वर्षांची हवी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात, तेही तिथे सरपंच झालेले पोपटराव पवार गावातच राहिले म्हणून. एम.कॉम. झालेला गावचाच माणूस.

अर्ज मराठीत घ्या. मुलाखत विहिरीच्या काठावर घ्या. आणि मानधन एवढं द्या की तिच्या बापाला 'पुण्याला नोकरी बघ' म्हणावं लागू नये.

गेल्या ऑक्टोबरात तिने मारुतीच्या पारावर वही वाचून दाखवली. ऐकून आमच्या बापूंनी दोन एकरांतली उसाची लागण रद्द करून हरभरा पेरला. निवड समितीत कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांना दाखवा. पहिल्या रविवारी सकाळी सातला ती पाराजवळून निघते.