खुलासा: पाऊस उघडला म्हणून मेंढीचं खूर बरं होत नाही

‘खूर चिखलाने सडतात, पाऊस उघडला की आपोआप बरे होतात, तोवर जळकं ऑइल ओता,’ असा मेसेज मराठवाड्यातल्या मेंढपाळांमध्ये फिरतोय. कृपया पुढे पाठवू नका.

चिखल फक्त वाट करून देतो. ओलीने बेचक्यातली कातडी मऊ पडते, शेणामातीतला फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू तिथे शिरतो. पण खूर आतल्या मांसापासून सुटतं आणि तो सडका वास येतो, तो डायकेलोबॅक्टर नोडोसस या दुसऱ्या जंतूमुळे. हा जंतू मातीत साधारण दोन आठवड्यांपलीकडे तगत नाही. लंगड्या मेंढीच्या खुरात मात्र महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे रान वाळलं तरी रोग कळपातच!

लंगडी मेंढी लगेच वेगळी बांधा. १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट कालवून पाय ५-१० मिनिटं बुडवा, मग तासभर कोरड्या, टणक जागी उभी करा. त्याआधी साधं पाणी पाजा, नाहीतर ती तेच पिईल. झिंकऐवजी मोरचूद (तांब्याचा क्षार) वापरलं तर ते पोटात जाणं फारच वाईट, मेंढीला तांबं सोसत नाही. ऑइलने उघडी जखम चिघळते. रक्त येईस्तोवर खूर तासू नका. इंजेक्शन पशुवैद्यकांनाच ठरवू द्या.

तोंडातही फोड असतील तर लाळ्या-खुरकूताचा संशय घ्या. तो विषाणूचा आजार, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.